ईव्हीचा एसी दर उन्हाळ्यात परत गरम हवा फेकतोय? गॅस मारण्याआधी एवढं बघा

होळी झाली की बेळगावच्या आमच्या गॅरेजात एक तक्रार ठरलेली. गाडी इलेक्ट्रिक, दोन-चार वर्षांची. मागच्या उन्हाळ्यात कूलिंग कमी झालं म्हणून गॅस मारून घेतला, पावसाळा आणि थंडी बरी गेली, आणि ऊन तापायला लागल्यावर पुन्हा तेच. ब्लोअर जोरात फिरतोय, हवा मात्र कोमट. गिऱ्हाईक निदान घरूनच घेऊन येतं: "अण्णा, गॅस संपलाय, तेवढा मारून द्या की."

एसीचा गॅस संपत नसतो. तो बंद नळ्यांतून गोल फिरत राहतो. रबरी होज आणि सीलमधून वर्षाकाठी थोडासा झिरपतो, पण तेवढ्याने एका वर्षात कूलिंग जात नाही. म्हणजे शक्यता दोनच उरतात. एक, गॅस कुठून तरी गळतोय. मग गळती न शोधता नुसता गॅस मारणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा खर्च आजच ठरवून ठेवणं. दोन, गॅस बरोबर आहे आणि गरम हवेचं कारण वेगळंच आहे. अशा वेळी वरून गॅस मारला तर तो जास्त होतो आणि कूलिंग आणखी बिघडतं. म्हणून मी पहिल्यांदा विचारतो ते एवढंच: गरम हवा नेमकी कधी येते? सिग्नलला उभं असताना? घाट चढल्यावर? फास्ट चार्जिंग चालू असताना? अर्ध्या तासानंतर? की सकाळी गाडी काढल्यापासूनच? या उत्तरावर पुढचं निम्मं काम अवलंबून असतं, आणि ते उत्तर गाडी चालवणाऱ्याकडेच असतं, मिस्त्रीकडे नाही.

त्याआधी ईव्हीत काय वेगळं असतं ते समजून घ्या. पेट्रोल गाडीत एसीचा कॉम्प्रेसर, म्हणजे गॅस दाबून फिरवणारा पंप, इंजिनच्या बेल्टवर फिरतो. ईव्हीत कॉम्प्रेसरच्या पोटातच इलेक्ट्रिक मोटर असते आणि ती मोठ्या बॅटरीच्या तीनशे-चारशे व्होल्टवर चालते. म्हणून गाडी उभी असताना, अगदी चार्जिंगला लावलेली असतानाही एसी पूर्ण ताकदीने चालू शकतो. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ज्या गाड्यांची बॅटरी कूलंटने, म्हणजे नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवाने, थंड होते, त्यांतल्या बहुतेकांत एकच कॉम्प्रेसर दोन कामं करतो. गॅसची एक वाट डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलकडे जाते, ती तुम्हाला गार करते. दुसरी वाट चिलरकडे जाते, तिथे बॅटरीतून फिरून आलेलं कूलंट गार होतं. एका विहिरीवर दोन शेतं असावीत तसं हे आहे, आणि पाणी कुणाला किती सोडायचं ते गाडीचा कंट्रोलर ठरवतो. ओढ लागली की तो आधी बॅटरीला सोडतो.

आणि ते बरोबरच आहे. लिथियम बॅटरीला साधारण 15 ते 35 अंशांचं तापमान मानवतं. त्याहून जास्त तापलेल्या अवस्थेत ती वारंवार राहिली की तिची साठवण्याची ताकद कायमची घटते. 2010 साली आलेल्या निसान लीफच्या बॅटरीला असं कूलंटचं शीतकरण नव्हतं, आणि अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनाच्या उन्हात 2012 पर्यंतच मालकांच्या तक्रारी सुरू झाल्या की बॅटरी अपेक्षेपेक्षा लवकर उतरतेय. आपल्याकडची नेक्सॉन ईव्ही 2020 मध्ये आली ती द्रवाने थंड होणारी बॅटरी घेऊनच. सित्रोएन ईसी3ची बॅटरी हवेने थंड होते. तुमच्या गाडीत यातलं काय आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. हवेने थंड होणारी बॅटरी असेल तर खालचा घाटाचा भाग तुम्हाला तसाच्या तसा लागू होणार नाही, बाकी सगळं होईल.

उभी असताना गरम, पळायला लागली की गार

आमच्या भागात सगळ्यात जास्त हेच सापडतं, आणि यात गॅसचा दोष बहुधा नसतो. कंडेन्सर पुढच्या बंपरच्या जाळीमागे असतो. आतली उष्णता तिथून बाहेर टाकली जाते. गाडी पळत असताना वाऱ्याचा झोत आपोआप मिळतो. उभी असताना सगळा भार फॅनवर येतो. म्हणजे उभ्या गाडीत कूलिंग जात असेल तर एक तर फॅन नीट फिरत नाही, नाहीतर कंडेन्सरमधून हवा जायला वाटच नाही.

निपाणी, चिकोडी, अथणी, रायबाग या पट्ट्यातल्या गाड्यांचं बंपर काढून कंडेन्सर बघा, मग कळेल. गळीत हंगामात महिनोन्‌महिने उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी चालवायची. पाचटाचे बारीक तुकडे, रस्त्याची धूळ, मेलेले किडे, सगळं कंडेन्सरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतं. त्यावर वळवाचा एखादा पाऊस पडला की ते ओलं होऊन घट्ट चिकटतं. खानापूरकडच्या गाड्यांत पाचट कमी, लाल माती जास्त. जाळीतून टॉर्च मारून बघितलं तर पुढची बाजू बरी दिसते, पण खरा कचरा असतो तो कंडेन्सर आणि त्याच्या मागच्या रेडिएटरच्या मधल्या फटीत. तिथे रोजचं गाडी धुणं पोचत नाही. ज्या गाड्यांना जाळीमागे उघडझाप करणारी शटर्स असतात, त्यांत पाचटाची एक काडी अडकली तरी शटर अर्धवट राहतं, तेही तपासा.

घरी करता येईल अशी एक सोपी चाचणी आहे. गाडी सावलीत उभी करा, एसी सगळ्यात कमी तापमानावर ठेवा, आतली हवा फिरवण्याचं बटण दाबा, आणि मधल्या व्हेंटमध्ये साधा थर्मामीटर खोचा. दहा मिनिटांनी आकडा लिहून घ्या. मग पुढच्या जाळीतून साध्या नळीने कंडेन्सरवर पाणी सोडा. बोनेट उघडून वरून पाणी ओतायचं नाही, फक्त समोरून. काही मिनिटांत व्हेंटचा आकडा चांगलाच खाली आला, तर गॅस आणि कॉम्प्रेसर आपलं काम करतायत, उष्णता बाहेर पडायला अडचण आहे. आकडा हललाच नाही तर कारण दुसरीकडे शोधायचं. या चाचणीने कित्येकांचे गॅसचे पैसे वाचलेत.

फॅन कानाने तपासता येतो. एसी सुरू करून मिनिटभरात पुढून फॅनचा आवाज आला पाहिजे, आणि ऊन असेल तर तो वाढत गेला पाहिजे. हळू फिरतो पण वेग घेत नाही अशी तक्रार असेल तर फॅनची मोटर किंवा त्याचा कंट्रोल मोड्यूल बघावा लागतो. हा फॅन, ब्लोअर आणि कूलंटचे पंप हे 12 व्होल्टवर चालतात, मोठ्या बॅटरीवर नाही. 12 व्होल्टची छोटी बॅटरी म्हातारी झाली असेल तर तिथून विचित्र दोष येतात, म्हणून तीही एकदा मोजून घ्या. बोनेट उघडं असताना फॅनजवळ हात नेऊ नका. चार्जिंगला लावलेल्या गाडीचा फॅन कुणी बटण न दाबताही एकाएकी सुरू होतो, आणि गाडीचा काहीच आवाज नसल्यामुळे ती बंद आहे असं वाटतं.

साफसफाईबद्दल मला कळकळीने सांगायचंय. वॉशिंग सेंटरच्या जोरदार प्रेशर गनने कंडेन्सर धुवू नका. पाती वाकतात, वाट आणखी बंद होते, आणि ती सरळ करता करता नळीला भोक पडायची भीती. बंपर काढून, साध्या दाबाच्या पाण्याने, शक्यतो मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आत आला त्याच वाटेने बाहेर जाईल असं धुवायचं. कारखाने बंद व्हायच्या सुमाराला, ऊन कडक होण्याआधी, वर्षातून एकदा एवढं केलं तरी या पट्ट्यातल्या बऱ्याच गाड्यांची तक्रार परत येत नाही.

घाट चढल्यावर किंवा फास्ट चार्जिंगला गरम

गोव्याहून चोर्ला घाटाने वर येणारे लोक हे सांगतात. गोव्यातल्या साखळी गावापर्यंत एसी मस्त, घाटात कोमट, कणकुंबी-जांबोटी मागे पडल्यावर पुन्हा गार. कुणी वंटमुरीचा किंवा तवंदीचा चढ सांगतं, कुणी हायवेवरच्या फास्ट चार्जरवर गाडीत बसून घामाघूम झाल्याचं सांगतं.

इथे हिशोब केला की भीती जाते. साखळीची बाजू समुद्रसपाटीच्या जवळ आहे, बेळगाव साधारण 750 मीटरवर. माणसांसह 1600 किलोची गाडी एवढी उंची चढवायला, रस्त्याचं आणि वाऱ्याचं घर्षण सोडून, नुसत्या चढासाठी सव्वातीन युनिटच्या आसपास वीज लागते. 30 युनिटच्या बॅटरीतली ही दहा टक्क्यांहून जास्त वीज थोड्या वेळात, जोराच्या प्रवाहाने बाहेर येते, आणि बॅटरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. चार्जिंगचंही तेच. समजा बॅटरी 320 व्होल्टची आणि तिचा अंतर्गत रोध 0.1 ओहम आहे. 25 किलोवॅटने चार्ज करताना आत सुमारे 600 वॉट उष्णता तयार होईल. 50 किलोवॅटने करताना ती दुप्पट होत नाही, चौपट होते, सुमारे 2400 वॉट. अथणीच्या मे महिन्यातल्या दुपारी ही उष्णता बाहेर फेकायला कॉम्प्रेसरला आपली बहुतेक ताकद चिलरकडे वळवावी लागते. केबिनला उरेल ते मिळतं.

म्हणून ओझं उतरल्यावर दहा-वीस मिनिटांत कूलिंग परत येत असेल तर गाडीत बिघाड नाही. घाटात तापमान 25-26 वर ठेवा, आतली हवा फिरवा, सगळ्यात थंडवर ताणू नका. चार्जिंगला थांबलात तर गाडी सावलीत लावा, किंवा स्वतः बाहेर येऊन चहा घ्या. कडक उन्हात घाट चढून आल्या आल्या लगेच मोठ्या चार्जरला लावण्यापेक्षा थोडा वेळ थांबलात तर चार्जिंगही पुढे जास्त वेगाने होतं, कारण बॅटरी तापलेली असेल तर गाडी चार्जिंगचा वेग आपणहून उतरवते.

बिघाड केव्हा समजायचा? सपाट रस्त्यावर, साध्या वेगाने, चढ किंवा चार्जिंग काहीही नसताना केबिन कोमट राहिली आणि गाडीच्या अ‍ॅपमध्ये किंवा गॅरेजातल्या स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) बॅटरीचं तापमान चढलेलंच दिसलं, तर. मग बॅटरीच्या कूलंटकडे वळायचं. गाडी पूर्ण गार असताना टाकीतली पातळी बघा. पातळी कमी असेल तर ती कुठे गेली हे शोधल्याशिवाय वरून भरू नका, आणि बोअरचं किंवा नळाचं पाणी तर कधीच नाही. काही कंपन्या बॅटरीसाठी वीज कमी वाहून नेणारं खास कूलंट वापरतात; त्यात बाजारातलं हिरवं-गुलाबी जे हाताला येईल ते मिसळलं की त्याचा उपयोगच जातो. नुकतंच कूलंट बदललं असेल आणि त्यानंतर डॅशबोर्डच्या आसपास किंवा बोनेटखाली गुळगुळ आवाज येत असेल, तर आत हवा अडकलीय. ती काढायला बहुतेक गाड्यांत स्कॅनरने पंप चालवावा लागतो. नुसतं झाकण उघडं ठेवून निघत नाही. चिलरकडे जाणारा वॉल्व्ह उघडा अडकून राहिला तरी केबिन अशीच कोमट राहते, कारण बॅटरी गार असूनही गॅस तिकडेच जात राहतो. हे स्कॅनरशिवाय ओळखता येत नाही.

अर्ध्या तासाने वाराच कमी होतो

इथे हवेचं तापमान आणि हवेचा जोर यांतला फरक नीट बघा. हवा जोरात येतेय पण कोमट आहे, हा एक प्रकार. हवेचा जोरच मरत गेला, आणि एसी बंद करून पंधरा-वीस मिनिटांनी लावल्यावर परत ठीक झाला, हा पूर्ण वेगळा प्रकार. दुसऱ्यात कूलिंग कॉइलवर बर्फ धरतोय. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसाळी दमट हवेत हे जास्त होतं. आधी केबिन फिल्टर काढून बघा. बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि घरी काढता येतो. आमच्याकडे फिल्टर असा काळा झालेला निघतो की त्यातून हवा कशी जात होती याचं नवल वाटतं. फिल्टर बदलूनही बर्फ धरत असेल तर कॉइलच्या तापमानाचा सेन्सर, किंवा कमी गॅस. हो, गॅस कमी असतानाही बर्फ धरतो, म्हणून हा प्रकार बघून लगेच गॅसला निर्दोष ठरवू नका.

डाव्या बाजूला पायाशी पाणी साचत असेल किंवा एसी लावल्यावर कुबट वास येत असेल तर कॉइलखालची ड्रेनची नळी तुंबलीय. किरकोळ काम आहे, पण तसंच सोडू नका. गालिच्याखाली वायरिंग असतं.

पावसाळ्यात काच धुरकट होणं ही एसीच्या बिघाडाची तक्रार म्हणून येते, ती बिघाड नसते. आतली हवा फिरवण्याचं बटण बंद करा, बाहेरची हवा घ्या, एसी चालू ठेवा आणि तापमान वाढवा. कॉइल हवेतला ओलावा काढते, हीटर तीच हवा परत उबदार करतो, काच दोन मिनिटांत स्वच्छ होते. नुसता हीटर लावून उपयोग नाही. ईव्हीत इंजिनची फुकटची उष्णता नसल्यामुळे बहुतेक गाड्यांत पीटीसी हीटर असतो, म्हणजे विजेवर तापणारा घटक, आणि तो पूर्ण जोरावर 3 ते 5 किलोवॅट घेतो. काही महागड्या गाड्यांत हीट पंप असतो, तो तेवढीच ऊब बऱ्याच कमी विजेत देतो. आपल्याकडची थंडी काही हिमालयाची नाही. डिसेंबर-जानेवारीत पहाटे लवकर निघणाऱ्यांनी गाडी घरच्या चार्जरला लावलेली असतानाच केबिन उबदार करून घ्यावी. अर्थात लाईट असेल तर.

एसीने रेंज किती जाते हेही याच ओघात विचारतात. एसी सरासरी 1 किलोवॅट घेतोय असं धरा. 60 च्या वेगाने जाताना तो दर किलोमीटरला 17 वॉट-तास खाईल. गर्दीत 20 च्या वेगाने सरकताना तोच एसी दर किलोमीटरला 50 खाईल. म्हणून खडेबाजाराच्या गर्दीत रेंजचा आकडा जास्त पडलेला दिसतो. त्यात बिघाड काही नाही.

एकदम बंद पडला आणि स्क्रीनवर मेसेज आला

हे प्रकरण घरी हाताळायचं नाही. नारिंगी रंगाच्या जाड केबल जिथे दिसतील तिथे हात लावायचा नाही, त्या कॉम्प्रेसर आणि हीटरला मोठ्या व्होल्टेजची वीज देतात. आमच्याकडेही आधी ठरलेल्या पद्धतीने मोठी बॅटरी वेगळी केली जाते, मीटरने खात्री होते, मगच हात लागतो. मालकाने करण्यासारखं एवढंच, मेसेजचा फोटो काढून ठेवायचा, कारण काही दोष गाडी बंद करून चालू केल्यावर लपतात. शेताजवळ किंवा गोठ्याजवळ गाडी लागत असेल तर उंदरांनी कुरतडलेलं वायरिंग ही शक्यताही धरा. पावसाळ्यात ते बोनेटखाली आसरा घेतात.

दर आठवड्याला थोडं थोडं कमी होत गेलं

आता गॅसकडे येतो. सकाळ असो की दुपार, उभी असो की पळती, कूलिंग सारखंच कमी, आणि ते एका दिवसात न जाता हळूहळू गेलंय, तर गळती धरून चालायचं. कुठे शोधायची? पुढच्या कंडेन्सरला लागलेले खडे, आमच्या भागातल्या रस्त्यांमुळे हे नेहमीचं. मग सर्व्हिस पोर्टच्या, म्हणजे गॅस भरायच्या तोंडाच्या, आतले छोटे वॉल्व्ह. मग जोडांवरच्या ओ-रिंगा, म्हणजे रबरी कड्या. सगळ्यात शेवटी डॅशबोर्डमागची कॉइल, कारण ती बघायला डॅशबोर्ड उतरावा लागतो. गॅसबरोबर कॉम्प्रेसरच्या वंगणाचं तेलही थोडं बाहेर येतं, म्हणून जोडावर तेलकट धुळीचा काळा डाग दिसला तर तिथून सुरुवात करा.

दोन गेज लावून "प्रेशर कमी आहे" असं सांगणाऱ्यावर ईव्हीच्या बाबतीत विश्वास ठेवू नका. कारण सांगतो. एसी बंद असताना, नळ्यांत थोडाही द्रवरूप गॅस शिल्लक असेल तोपर्यंत दाब बाहेरच्या तापमानावर ठरतो, गॅस किती आहे यावर नाही. आर-134ए गॅस असेल तर 30 अंशांना तो दाब 97 पीएसआयच्या आसपास दिसेल, आत 300 ग्रॅम असो की 500. एसी चालू असताना कॉम्प्रेसर आपला वेग सतत बदलत असतो आणि चिलरची वाट मध्येच उघडते-मिटते, त्यामुळे चालू दाबावरूनही अंदाज चुकतो. खरी पद्धत एकच: मशीनने सगळा गॅस बाहेर काढून त्याचं वजन करायचं, आणि बोनेटखालच्या स्टिकरवरच्या आकड्याशी ते ताडून बघायचं. स्टिकरवर गॅसचं नावही असतं. आर-134ए आणि नव्या काही गाड्यांतला आर-1234वायएफ हे एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

गॅस कमी निघाला तर नायट्रोजनचा दाब देऊन, नाहीतर लीक डिटेक्टर फिरवून गळती शोधायची, दुरुस्त करायची, अर्धा तास तरी व्हॅक्यूम ओढायचं, तो टिकतोय का बघायचं, आणि मग वजनाने गॅस भरायचा. यातली एकही पायरी गाळली तर तक्रार परत येणार.

आणि तेल. ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसलो ती ही. पेट्रोल-डिझेल गाड्यांच्या एसीत बहुतेक करून पीएजी तेल असतं. ईव्हीच्या कॉम्प्रेसरमध्ये मोटरची गुंडाळी तेलात आणि गॅसमध्येच बुडालेली असते, म्हणून तिथे वीज न वाहून नेणारं पीओई तेल लागतं, आणि तेही कंपनीने सांगितलेलं. पीएजी वीज वाहून नेतं. थोडंसं जरी आत गेलं तरी कॉम्प्रेसरचं इन्सुलेशन घसरतं, गाडीला वाटतं की मोठ्या व्होल्टेजची वीज बॉडीकडे गळतेय, आणि ती सुरक्षिततेसाठी चालू व्हायलाच नकार देते. एका गिऱ्हाइकाची गाडी आमच्याकडे टोचन करून आली. एका गॅरेजात गॅस मारला होता, कूलिंग उत्तम आलं होतं, आणि काही दिवसांनी गाडी चालूच होईना. माणूस बॅटरी गेली म्हणून हवालदिल झाला होता. बॅटरी धडधाकट होती. कॉम्प्रेसर मात्र बदलावा लागला आणि सगळ्या नळ्या धुवाव्या लागल्या. हजार-दोन हजारांच्या कामाने केवढा खर्च ओढवला, ते त्या घराने भोगलं. त्या मिस्त्रीने मुद्दाम काही केलं असं मी म्हणत नाही; त्याच्या मशीनच्या होजमध्ये आधीच्या पेट्रोल गाडीचं तेल राहिलं होतं, एवढंही पुरतं. गळती दाखवणारा रंगसुद्धा पीएजीमध्ये मिसळलेला असेल तर तोच धोका.

पीओई तेलाची आणखी एक खोड, ते हवेतला ओलावा भराभर ओढतं, आणि ओलावा शिरला की त्यातून आम्ल तयार होतं. म्हणून जून ते सप्टेंबरमध्ये आमच्याकडे ईव्हीची नळी खोलली की लगेच टोपण लावतो, आणि तेलाचा डबा एकदा उघडून अर्धा राहिला तर पुढच्या गाडीला वापरत नाही. बेळगावच्या पावसात ही काळजी कमी पडून चालत नाही.

त्यामुळे गॅरेज कुठलंही असो, गाडी आत घेण्याआधी तीन गोष्टी विचारा. ईव्हीसाठी वेगळं मशीन आहे का, किंवा होज आतून धुवून घेणारं मशीन आहे का? तेल कुठलं घालणार, डबा दाखवा. गॅस वजनाने भरणार की गेज बघून? यात कुणाला राग यायचं कारण नाही. मिस्त्री जाणकार असेल तर तो उलट खूश होतो. गाडी वॉरंटीत असेल तर सरळ कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्या, बाहेर हात लावून घेऊ नका.

बिलावर दोन आकडे लिहून घ्या: जुना गॅस किती ग्रॅम निघाला आणि नवा किती ग्रॅम भरला. समजा स्टिकरवर 500 आहे, या मार्चला 290 निघाला आणि 500 भरला. पुढच्या मार्चला पुन्हा काढला आणि 485 निघाला, तर गळती बंद झालीय, आणि तरीही हवा कोमट असेल तर कंडेन्सर धुवायला घ्या. 310 निघाला तर गळती सापडलेलीच नाही. मग आधी कॉइल तपासायला सांगा.